आडवा ठेवलेला रिसीव्हर

इथं नोकरीला लागले तेव्हा वॉर्डन मॅडमनी मला इंग्रजीतली दोन वाक्यं पाठ करायला सांगितली. एक, "गुड मॉर्निंग, गर्ल्स हॉस्टेल." दुसरं, "होल्ड ऑन, प्लीज." पहिलं जिभेवर बसायला आठवडा गेला. दुसरं मी तिथल्या तिथं म्हणून दाखवलं. सातवी अर्ध्यात सोडलेल्या बाईला हे कसं येतं म्हणून मॅडमना नवल वाटलं. "गावाकडं ऐकलं होतं," एवढंच मी मोडक्या हिंदीत सांगितलं.

गाव माझं बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या पलीकडं. ही शाळा पार उत्तरेला, डोंगरात. नवरा इथल्या मेसमध्ये स्वयंपाकाला लागला आणि त्याच्या मागं मी आले. मुलींना मोबाइल ठेवायची परवानगी नाही. रविवारी सकाळी दहा ते एक आईवडलांचे फोन हॉस्टेलच्या फोनवर येतात. मी मुलीचं नाव विचारते, होल्ड ऑन म्हणते, रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवते आणि तिला आणायला पळते. दोन मजल्यांचा जिना आहे. पळते म्हणजे खरोखर पळते. तेरा वर्षांत एकदाही चालत गेलेले नाही. मुली हसतात, "दीदी, आरामसे." मॅडम म्हणतात, एक दिवस पडशील. पण तो रिसीव्हर तसा आडवा पडलेला असला की माझ्या छातीत धडधडायला लागतं, आणि मुलगी येऊन "हॅलो मम्मा" म्हणेस्तोवर थांबत नाही.

खरं सांगायचं तर त्या मुलींवरही मी जळते. हेवा हा लिहायचा शब्द झाला, आमच्याकडं जळणंच म्हणतात. आठ वर्षांची पोर, केसांना अजून बोटभर तेल, आणि तिच्यासाठी कुणी तरी दूर कुठं फोन कानाला लावून बसलेलं असतं. पण ते जळणं वरवरचं. खोलातलं आहे ते आमच्या गावच्या डेअरीतलं आहे.

डेअरी म्हणजे सहकारी दूध सोसायटी. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर किटल्यांची रांग. आत लोखंडी टेबल, त्यावर फॅट काढायच्या काचेच्या नळ्या, आणि कोपऱ्यात लाकडी पेटीतला फोन. गावात तेवढा एकच फोन असल्यामुळं तो अख्ख्या गावाचा होता. लग्नपत्रिका छापा, पोराचा कॉलेजचा अर्ज भरा, पुण्याला गेलेल्या जावयाला नंबर द्या, सगळीकडं डेअरीचाच आकडा, आणि त्याच्या शेजारी पीपी. पीपी म्हणजे नेमकं काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. फोन दुसऱ्याचा, माणूस आपला, इतकं सगळ्यांना कळायचं.

बाहेरून फोन आला की सेक्रेटरी नाव विचारायचे, ऐटीत "होल्ड ऑन" म्हणायचे, आणि रिसीव्हर एका घडी घातलेल्या टॉवेलवर आडवा ठेवायचे. आपटल्याचा आवाज पलीकडच्याच्या कानात जाऊ नये म्हणून तो टॉवेल. मग रांगेत जो पुढं असेल त्यानं बोलवायला जायचं. त्याची किटली रांगेत त्याची जागा राखायची. जाणारा पळतच जायचा, कारण पलीकडचं माणूस तिष्ठत बसलेलं. असं कुणी पळत गल्लीत शिरलं की बाया हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. कुणाच्या दारात थांबतंय? हसत थांबलं तर बाळंतपण, न हसता थांबलं तर पदर डोळ्याला. चालत जाणाऱ्याकडं मात्र कुणी मान वर करून बघायचं नाही. चालत जाणारा फोनचा नसायचाच.

हे ध्यानात असू द्या, पुढं लागेल.

त्या वर्षी पाऊस दुसऱ्यांदा चुकला होता. विहिरीत पायऱ्या संपून खडक लागला. डेअरीपुढची रांग आखडत आखडत आठ-दहा किटल्यांवर आली. तालुक्याच्या सहकारी संघानं पाटोद्याच्या वाटेवर, मुरमाड माळावर, जनावरांची छावणी उघडली. आमचं घर एकत्र. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे काका. दोघांत मिळून पाच जनावरं: बैलजोडी, दोन गाई, एक कालवड. छावणीचा नियम असा की ज्याची जनावरं त्याच्या घरचं एक माणूस दिवसभर दावणीपाशी पाहिजे, तरच चारा टाकणार. मोठी माणसं सगळी रोजगार हमीच्या कामावर. रात्री आबा जाऊन झोपतील, पण दिवसा कोण? राहिलो आम्ही दोघी. मी आणि काकांची मुलगी. एकाच वयाच्या, सातवीत एकाच बाकावर.

आमचे काका विहारात दर पौर्णिमेला उभं राहून सांगणारे, की एक भाकर कमी खा पण पोरी शिकवा. त्या दिवशी जेवताना त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग आबांकडं न बघता म्हणाले, "दोघीबी शिकायच्याच हायत. एकीचा दोन महिने खाडा हुईल, एवढंच. पाऊस पडला की पुन्यांदा शाळा."

"मंग कोणाचा खाडा?" माय म्हणाली.

"जिचा पहिला नंबर तिला ठिवू शाळंत."

पहिला नंबर तिचा होता, माझा दुसरा. चार मार्कांचा फरक. माय म्हणाली, "चार मार्कात काय आभाळ उतरलं का? कावून आमचीनंच जायाचं?" आबा म्हणाले, "जाऊ दे गं. दोनच महिने."

ती खाली मान घालून भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होती. मी जाते, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिच्या जागी मीही म्हणाले नसते. पण हे मला आज कळतं. तेव्हा मी तिच्या त्या तुकड्यांकडं बघत होते आणि मला वाटत होतं, हिच्या घशात अडकावा एक.

छावणीत आमच्या रांगेवर जुन्या लुगड्यांचं सावट बांधलेलं होतं. जनावरांच्या कानात बिल्ले. सकाळी ट्रॅक्टर यायचा, उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याच्या, मोळ्या टाकायचा. लांबूनच त्याचा आवाज आला की आमचा थोरला बैल दावं तोडायला बघायचा. मी दोन्ही हातांनी कासरा धरून, टाचा मुरमात रोवून मागं झुकायची. पहिल्या आठवड्यात तळहाताची साल गेली, तिसऱ्यात तिथं घट्टे पडले. दुपारी मोजायला माणूस आला की पाचही जनावरं उभी करून दाखवायची. मग संध्याकाळपर्यंत काही नाही. ऊन, शेण, माश्या, आणि समोरच्या सडकेवरून बीडकडं जाणारी एसटी.

रविवारी ती भाकरी घेऊन यायची. धुतलेले केस, दोन वेण्या, लाल रिबिनी. टँकरच्या पाण्याची अशी ओढाताण असताना काकूनं हिचे केस कशानं धुतले, हा प्रश्न मला भाकरीआधी पडायचा. तिच्या पिशवीत इंग्रजीचं पुस्तक असायचं. गुरुजींनी दोन दोन शब्दांची क्रियापदं पाठ करायला दिली होती. ती माझ्यापुढं बसून घोकायची. मला शिकवावं म्हणून घोकायची की मला दिसावं म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

"होल्ड ऑन म्हंजे काय, सांग," तिनं एकदा विचारलं.

"डेअरीतलं? थांबा."

"ते फोनवरचं झालं. खरं म्हंजे धरून ठिवनं. सोडायचं न्हाई असं. गुरुजी म्हनले, दोरी धरतो तसं."

"मंग दोरी धरनारा थांबा कावून म्हनतोय?"

"इंग्रजीत तसंच असतंय."

"तसंच म्हंजे कसं? काही तरी कारण असंल की."

तिला येत नव्हतं. ती लाल झाली. "तुला काय करायचंय?" ती म्हणाली. "तुझा पेपर हाय का?"

वाक्य एवढंच. नंतर लगेच तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तो मी खाल्लाही. पण दोरी धरल्यासारखं असं ती सांगत होती, आणि तिच्या तळहाताला दोरीचा एक वळ नव्हता. हे मी पुढं महिनाभर चघळत बसले. कालवडीला सांगितलं, बैलांना सांगितलं.

त्याच सुमाराला बीडच्या एका मुलींच्या निवासी शाळेची परीक्षा होती. राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं तिकडंच. गुरुजींनी आमच्या वर्गातून तिचा अर्ज भरला. माझा भरला नाही, कारण मी शाळेत नव्हतेच. अर्जावर फोन नंबर होता डेअरीचा, पीपी. ती काकांबरोबर बीडला जाऊन पेपर देऊन आली. बीडचं स्टँड केवढं, रिक्षा किती, हॉस्टेलच्या खाटा कशा लोखंडी, हे तिनं मला तीन रविवार सांगितलं.

मग ती सकाळ.

आबांना कामाची सुट्टी होती म्हणून ते छावणीत थांबले आणि मला गाईचं लिटरभर दूध घेऊन गावात धाडलं. डेअरीत माझ्यापुढं कुणी नव्हतं. मी किटली ओट्यावर टेकवते तोच फोन वाजला. सेक्रेटरींनी घेतला, दोन वाक्यं बोलले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "होल्ड ऑन, मॅडम, होल्ड ऑन!" रिसीव्हर टॉवेलवर आडवा झाला.

"पळ गं," ते मला म्हणाले. "तुज्या बहिनीला बोलीव. बीडच्या शाळंचा फोन हाय. तिच्याशी नायतर तिच्या बापाशीच बोलायचं म्हनत्यात. पळ, पळ!"

मी निघाले. ओटा उतरले. कोपऱ्यापर्यंत पळाले असेन, आणि मग माझे पाय आपोआप हळू झाले. मी चालायला लागले. चालणाऱ्याकडं कुणी बघत नाही म्हणून मी सांगितलं ना, कुणीच बघितलं नाही. दळण निवडणाऱ्या बाया तशाच निवडत राहिल्या. ती टँकरपाशी होती, येताना मी बघितलं होतं. तिथं गेले. देवळाच्या भिंतीआड उभी राहिले. ती रांगेत दोन घागरी घेऊन उभी होती, एका पायावर भार देऊन, कुणाशी तरी हसत. त्या लाल रिबिनी. एक हाक मारायची होती. पंधरा पावलांवर होती ती.

मी हाक मारली नाही. मागं वळले आणि तशीच चालत डेअरीत आले.

सेक्रेटरी बाहेर टेम्पोत कॅन चढवत होते. त्यांची पाठ माझ्याकडं. आत कुणी नाही. टॉवेलवर रिसीव्हर. तो मी उचलला आणि कानाला लावला, आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं होतं, आत नुसती खरखर असेल. पण आत एक खोली होती. कागद उलटल्याचा आवाज येत होता, लांब घंटा वाजत होती, आणि एक बाई कुणाला तरी म्हणत होत्या, "नाही नाही, मी धरून आहे. खेड्यातली मुलगी आहे, लांबून येत असेल. सावकाश येऊ दे."

मी रिसीव्हर फोनवर ठेवला. आवाज न होता, अगदी हळू.

सेक्रेटरी आत आले. "कुठंय ती?"

"घावली न्हाई," मी म्हणाले. "अन् फोन कट झालाय."

"ह्याच्या मायला ह्या लाईनीच्या," ते म्हणाले. लाईन रोजच कट व्हायची, म्हणून त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. "करतील परत."

फोन परत आला नाही. का आला नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. संध्याकाळी सेक्रेटरींनी काकांना सांगितलं. त्या शाळेचा नंबर गावात कुणाकडं नव्हता. काकांनी दोन दिवस डेअरीत फेऱ्या मारल्या, मग म्हणाले, "नंबर लागला असता तर परत केला असता त्यांनी. नसल लागला." ती एक दिवस जेवली नाही. पुढच्या रविवारी छावणीत आली तेव्हा रिबिनी नव्हत्या, पुस्तकही नव्हतं. माझ्या शेजारी बसून तिनं शेण गोळा केलं. मला तेव्हा फार बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहिताना माझा हात थांबतो, पण वाटलं होतं.

दोनाचे सहा महिने झाले, मग पाऊस आला. छावणी उठली. कुणीही मला शाळेत जाऊ नको म्हणालं नाही. गुरुजी घरी आले होते. पण माझं वर्ष गेलं होतं. ती आठवीत, मी पुन्हा सातवीत, तिच्याच जुन्या पुस्तकांवर. तिच्या बाकावर माझ्या जागी दुसरी मुलगी बसायला लागली होती. मी सांगितलं, "न्हाई जात." मायनं मारलं, तरी गेले नाही. लोकांना मी सांगते की दुष्काळानं शाळा सोडली. दुष्काळानं सहा महिने नेले. बाकीची मी सोडली, ती पुढच्या वर्गात असेल हे बघवणार नाही म्हणून.

ती गावातून दहावी झाली, पाटोद्याला बारावी, मग डीएड, मग बाहेरून बीए. आता बीडमध्ये तिचे क्लास आहेत, इंग्रजीचे. एसटी स्टँडकडून येताना पाटी दिसते. दोन वर्षांतून एकदा गावाकडं जाते तेव्हा मी त्या पाटीखालून मान खाली घालून जाते. पाटीवर तिच्या नावापुढं मॅडम आहे. आमच्यात भांडण काही नाही. उलट माझ्या लग्नात सगळ्यात जास्त रडली ती तीच. दर महिन्याला एक रविवार आमचा फोन असतो. मी इथली थंडी सांगते, ती तिथली पोरं सांगते. फोन ठेवला की मी तासभर कुणाशी बोलत नाही.

इथं लायब्ररी माझ्याकडं झाडायला आहे, दर गुरुवारी. लायब्ररीच्या मॅडम निवृत्तीला आलेल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या. एकदा मी शिडीवरून त्यांना पुस्तकं काढून देत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला काही बघायचंय का यातलं?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्चीवर बसायला भ्याले, कोणी बघेल म्हणून. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. त्या खुर्चीचे उपकार मी फेडू शकणार नाही. एका मोठ्या डिक्शनरीत प्रत्येक शब्दाची कुळी दिलेली असते, हा आधी कुठं होता, कुणाच्या तोंडी होता. मी म्हणाले, होल्ड ऑन बघायचंय. छावणीपासून राहिलेला प्रश्न होता तो. दोरी धरणारा थांबा कावून म्हणतो?

मॅडमनी चष्मा लावून बोट फिरवलं आणि हिंदीत सांगायला लागल्या. ऑन म्हणजे इथं 'वर' नाही, 'चालूच' असं. चालत राहा, बोलत राहा, तसं धरत राहा. वाऱ्यात दोर सुटू द्यायचा नाही. वेढा पडला तरी किल्ला द्यायचा नाही. वाईट दिवसांत तग धरायचा, तेही होल्ड ऑन. पुढं टेलिफोन आला आणि पलीकडच्याला सांगावं लागलं की हातातलं ठेवू नका, धरून राहा. म्हणून थांबा. दोरी आणि फोन एकच झाले.

मग त्या थोडं मागं गेल्या, होल्डच्या मुळाशी. आणि हसल्या. "हे बघ," म्हणाल्या. "इंग्रजी व्हायच्याही आधी, त्या लोकांच्या जुन्या भाषेत, या शब्दाचा अर्थ होता म्हणे गुरं राखणं. चरताना लक्ष ठेवणं. धरणं नंतर आलं."

मी खुर्चीशेजारच्या शिडीची पायरी धरली.

आता वाचणाऱ्याला वाटेल, मला रडू आलं असेल, बैल आठवले असतील. तसं काही झालं नाही. मला पहिला विचार आला तो हा, की हे तिला माहीत नसणार.

त्यानंतर आलेला रविवार तिच्या फोनचा नव्हता. तरी एक वाजता हॉस्टेलचे फोन संपल्या संपल्या मी मोबाइल घेऊन मागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि तिला लावला. तिचा क्लास दोनला असतो, मला ठाऊक आहे. थोडा वेळ होता.

"काय गं, आज कसा काय?" ती म्हणाली. "बरी हायस ना? पोरं?"

"समदे बरे. इंग्रजीचं विचारायचं होतं."

ती हसली. "तू अन् इंग्रजी! विचार बाई."

"होल्ड म्हंजे मुळात काय?"

"धरणे. पकडणे. बाळगणे."

"त्याच्या आधी?"

"आधी म्हंजे?"

"लई आधी. शब्द नवा होता तवा."

ती गप्प झाली. बीडच्या मॅडम गप्प झाल्या. त्या शांततेची गोडी मी काय सांगू. "न्हाई बाई माहीत," ती शेवटी म्हणाली. "सांग."

"गुरं राखनं."

"काय सांगतीस!" ती इतक्या जोरात म्हणाली की मी फोन कानापासून लांब धरला. "खरंच? कुठं सापडलं तुला?" मी लायब्ररीचं सांगितलं, दोर, किल्ला, फोन, सगळं. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, मी पुन्हा पुन्हा सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हंजे बघ ना. मी तिथं तुझ्यापुढं बसून घोकत होते, अन् खरा अर्थ तू करत होतीस. आज पोरांना सांगते. माझ्या बहिनीनं शिकवलं म्हनून सांगते."

मी तिला खाली बघायला लावायला फोन केला होता. आणि तिनं ते असं घेतलं, जसं मी गावाकडून तिच्यासाठी काही बांधून आणलं असावं. जळायलासुद्धा जागा ठेवली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी तवा फोन ठिवला."

"कोणता फोन?"

"डेअरीतला. बीडच्या शाळंचा. तो कट झाला न्हवता. तू टँकरपाशी होतीस, मी बघितलं होतं तुला. हाक मारली न्हाई. परत जाऊन मी माझ्या हातानं ठिवला. बाई बोलत होत्या आतून."

पलीकडं दार वाजलं. चपलांचा आवाज, आणि पाच-सहा गळ्यांतून, "गुड आफ्टरनून, मॅडम!" लवकर आलेली पोरं असतील. मग ती म्हणाली, "होल्ड कर," आणि फोन कुठंतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. टॉवेल नव्हता.

मी थांबले. टाकीचं पाणी भरत होतं. इकडं डोंगरात रेंज येते-जाते, सगळ्यांना माहीत आहे. कट झाला म्हणाले असते तर तेही खपलं असतं. बोट फोन कट करायच्या लाल खुणेवर होतं. आतून बाक सरकले, पंखा सुरू झाला. तिचा आवाज आला, जरा लांबून, पण स्वच्छ: "वह्या काढा. आज होल्ड ऑन." तिनं दोरी सांगितली, किल्ला सांगितला, फोन सांगितला, जसं मी सांगितलं होतं तसंच. आणि मग म्हणाली, "पण मुळात याचा अर्थ गुरं राखणं."

एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मंग आमचे आजोबा इंग्लिशच करत होते की आयुष्यभर!" सगळे हसले. ती हसली की नाही ते ऐकू आलं नाही. "माझ्या बहिणीनं सांगितलं मला हे," ती म्हणाली. "ती राखायची गुरं. छावणीत." आवाज कुठंही हलला नाही. "पाच वाक्यं लिहा यावर. बोलायचं न्हाई."

वॉर्डन मॅडमनी वरून "दीदी!" म्हणून हाक मारली. मी ओ दिली नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

फोन उचलल्याचा आवाज झाला.

"हायस का?"

"हाय."

"काय बोलत होत्या गं त्या बाई?"

मी सांगितलं. कागदाचा आवाज, घंटा, सगळं सांगितलं. खेड्यातली मुलगी आहे, लांबून येत असेल, सावकाश येऊ दे. मी धरून आहे. शब्दन् शब्द मला पाठ होता.

पोरांच्या पेनांची कुरकुर येत होती.

"मंग लागला व्हता माझा नंबर," ती म्हणाली. "नंबर न लागलेल्या पोरीसाठी कुणी एवढं थांबत न्हाई." आणि मग हळू, मला सांगितल्यासारखं नाही, "मला इतकी वर्सं वाटायचं, मीच कमी पडले."

"ऐक ना..." मी म्हणाले.

"आता नको," ती म्हणाली. "पोरं हायत. ठिव."

"तू ठिव," मी म्हणाले. माझ्या हातून होईना.

तिनं ठेवला. मी फोन कानाला लावून टाकीच्या कठड्यावर बसून राहिले. पाणी भरून वरून वाहायला लागलं तरी उठले नाही. ती पुढच्या रविवारी फोन घेईल की नाही, मला ठाऊक नाही. आणि खोटं कशाला सांगू, त्याही घटकेला मला तिचा हेवाच वाटत होता. तिच्यासाठी कुणीतरी, न बघितलेल्या पोरीसाठी, रिसीव्हर कानाला धरून इतका वेळ बसलं होतं.